बायकोच्या वाढदिवसाला घरी जेवण करताय? मग या क्रमानं करा

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी गेल्या काही वर्षांत बायकोच्या वाढदिवसाला स्वतः स्वयंपाक करायचं मनावर घेतलं. रात्री साडेआठच्या सुमारास त्यांचे फोन येतात आणि अडचणी ठरलेल्या असतात. खीर फाटली. वांगी देठाशी कच्ची राहिली. भाकरी परातीतून उचलतानाच तुटली. आणि शेवटी जिचा वाढदिवस, तीच उठून ओट्याशी उभी राहिली. मी प्रत्येकाला विचारतो, सुरुवात किती वाजता केली? उत्तर एकच असतं: सहाला, सगळं एकदम.

तिथंच गणित चुकतं. हे जेवण चार दिवसांत थोडंथोडं करायचं आहे. त्या संध्याकाळी फक्त दीड तासाचं काम उरलं पाहिजे.

खालचं ताट दोघांसाठी आहे: भरलं वांगं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, काकडीची कोशिंबीर, थोडा पांढरा भात आणि गव्हाची खीर. सोलापूरकराच्या घरात यातलं काहीच नवं नाही आणि ते मुद्दामच तसं आहे. वाढदिवसाच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पनीर माखनी करून बघू नका. मापं अशी धरा: वाटी म्हणजे १५० मिली, चमचा म्हणजे चहाचा, मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट. नवऱ्याच्या वाढदिवसाला बायकोनं करायचं असेल तरी क्रम हाच.

एक अट मात्र आधीच मान्य करा. त्या दिवशी तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. "हिंग कुठं ठेवलाय?", "कुकरच्या शिट्ट्या किती?", "मीठ बघतेस का जरा?" यातलं काहीही नाही. खालची निम्मी तयारी या एका अटीसाठीच आहे.

टप्पा १: पदार्थ ठरवण्याआधी कॅलेंडर बघा

आठवडाभर आधी तिथी बघून घ्या. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरणारी घरं इथं कमी नाहीत. त्या दिवशी उपास असेल तर जेवण आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. संकष्टी असेल तर ती चंद्रोदयानंतर जेवणार, म्हणून कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघून सगळं वेळापत्रक तेवढं पुढं सरकवा. साडेआठला ताट तयार आणि चंद्र साडेनऊला, असं झालं की भाताचा गोळा होतो आणि कोशिंबिरीला पाणी सुटतं.

चातुर्मास असेल तर आणखी विचार करायला हवा. बऱ्याच घरांत आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं बंद असतं. काही घरांत तर चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं चुलीवर चढत नाही. सोलापुरातल्या बाळे इथल्या खंडोबाला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. अशा वेळी वांग्याऐवजी कोवळा दोडका किंवा लहान ढोबळी मिरची घ्या. मसाला खालीलच, फक्त कांदा-लसूण गाळायचा आणि तीळ-कूट थोडं वाढवायचं. दोडका आणि ढोबळी वांग्यापेक्षा लवकर शिजतात, तेव्हा वेळ एक तृतीयांशानं कमी धरा.

आता तिची आवड. इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण ती वर्षानुवर्षं तुमच्या आणि मुलांच्या आवडीचं करत आलेली असते आणि तेच तिलाही आवडतं असं आपण धरून चालतो. सासूबाईंना किंवा मेहुणीला फोन करा. माहेरी वाढदिवसाला काय व्हायचं, एवढंच विचारा. मी गव्हाची खीर शिकलो ती अशा एका फोनमुळे. माझ्या बायकोच्या माहेरी, अक्कलकोटकडे, या खिरीला हुग्गी म्हणतात. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला हे ठाऊक नव्हतं.

तपासा: वांगं खाल्ल्यावर तिच्या तोंडाला खाज सुटते का? शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का? या ताटात शेंगदाणे तीन ठिकाणी आहेत: चटणीत, वांग्यात आणि कोशिंबिरीत. अ‍ॅलर्जी असेल तर हे ताट पूर्ण बाजूला ठेवा, "थोडंसं चालेल" म्हणू नका.

टप्पा २: चार दिवस आधी, स्वयंपाकघराची पाहणी

ती घरात नसताना किंवा झोपलेली असताना अर्धा तास काढा.

मसाल्याचा डबा उघडा, प्रत्येक वाटीत काय आहे ते वास घेऊन ओळखा, मोबाइलवर फोटो काढा. धनेपूड आणि जिरेपूड दिसायला सारखी असतात. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि गरम मसाला वेगवेगळ्या बरण्यांत असतात, त्या बघून ठेवा. कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा मीठ आणि तिखट आधीच घातलेलं असतं. तोच वापरणार असाल तर भाजीतलं मीठ आणि तिखट अर्ध्यावर आणायचं. काळ्या मसाल्यात सहसा मीठ नसतं, तरी चिमूटभर जिभेवर ठेवून खात्री करा.

कुकरची रिंग सैल झाली आहे का, शिट्टीचं भोक मोकळं आहे का, हे बघा. नुसतं पाणी घालून एक शिट्टी काढली की लगेच कळतं.

सिलिंडरमध्ये गॅस किती उरला आहे ते ओल्या फडक्यानं समजतं. सिलिंडर वरून खाली पुसा आणि दोन मिनिटं थांबा. जिथवर आत गॅस द्रवरूपात आहे तिथवरची ओल उशिरा वाळते. ओलीची रेघ अगदी तळाशी असेल तर आजच दुसरा सिलिंडर बघा.

आणि पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. वाढदिवस पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी येत असेल तर पिंप आणि बादल्या तळाला गेलेल्या असतात. स्वयंपाक आणि भांडी मिळून दोन बादल्या लागतात असं धरा आणि मागच्या पाळीलाच त्या वेगळ्या भरून ठेवा.

टप्पा ३: बाजार

कोरडा किराणा चार दिवस आधी आणा, भाजी आदल्या दिवशी सकाळी. संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे, रस्ते भरलेले असतात, तेव्हा मंडईला सकाळी लवकर जा.

किराणा: शेंगदाणे ४०० ग्रॅम, खिरीचा गहू २५० ग्रॅम, गूळ पाव किलो, सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ ५० ग्रॅम, खसखस एक मोठा चमचा, वेलची, जायफळ, चिंच.

दुकानात "खिरीचा गहू" किंवा "सडलेली खपली" (म्हणजे कांडून टरफल काढलेला खपली जातीचा गहू) असं म्हणूनच मागा. नुसतं "खपली गहू" म्हटलं तर टरफलासकटची दळायची खपली हातात पडू शकते, आणि ती कितीही शिजवली तरी खिरीत टरफल दाताखाली येतं. दाणा लांबट आणि तांबूस हवा. घरात कोंडा न काढलेला साधा गहू आहे म्हणून तोच शिजवला, असंही करू नका.

भाजी: काटेरी लहान वांगी ८, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. काकडी २, कोथिंबीर, आलं, लसूण २ गड्डे, कांदे २, लिंबू १. लक्ष्मी मंडई असो की कस्तुरबा मंडई, वांगी स्वतः हातानं निवडा. हातात हलकं लागणारं, सालीला चकाकी असलेलं, देठ हिरवंगार असलेलं वांगं घ्या. जड वांग्यात बिया धरलेल्या असतात, ते कडवट लागतं. सालीवर बारीक भोक असेल तर आत कीड असते. आठही वांगी एकाच आकाराची हवीत. एक मोठं आणि एक लहान असलं की लहान विरघळतं आणि मोठं कच्चं राहतं.

कडक भाकरी विकत आणा. हे वाचून काही जणांना वाईट वाटेल, पण माझं मत पक्कं आहे. ज्वारीची भाकरी एका संध्याकाळी शिकता येत नाही. पाणी कढत लागतं, पीठ ताजं लागतं, मळायला जोर आणि थापायला सवय लागते. पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली असेल तर रोज भाकरी करणाऱ्या बाईलाही ती जमत नाही. सोलापुरात उत्तम कडक भाकरी विकत मिळते. तिचा मान राखा आणि तुमचा वेळ वांग्याला द्या. चार भाकऱ्या पुरतात. तुम्हाला भाकरी आधीपासून येत असेल तर अर्थातच गरम भाकरी करा, तिच्यासारखं काही नाही.

तपासा: कडक भाकरी मोडून बघा. कट् असा आवाज येऊन तुटली तर ती ताजी आहे. वाकली तर दमट झाली आहे. घरी आणल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

टप्पा ४: दोन दिवस आधी, शेंगाची चटणी

साहित्य: शेंगदाणे २५० ग्रॅम, सोललेला लसूण १५ पाकळ्या, लाल तिखट २ ते ३ चमचे, जिरे १ चमचा, मीठ सव्वा चमचा.

१. जाड बुडाची कढई घ्या आणि मंद आचेवर शेंगदाणे १२ ते १५ मिनिटं भाजा. हात थांबवायचा नाही. मोठ्या आचेवर सालीला डाग पडतात आणि आतला दाणा कच्चा राहतो. मग चटणीला कच्चट वास येतो आणि तो तिखटानं झाकला जात नाही.

२. एक दाणा फोडून बघा. आत फिका बदामी रंग आला असेल तर गॅस बंद करा आणि दाणे लगेच ताटात काढा. गरम कढईत ठेवले तर ते भाजतच राहतात.

३. पूर्ण गार होऊ द्या. किमान पाऊण तास. मग चोळून सालं काढा आणि पाखडून टाका. थोडी सालं राहिली तरी हरकत नाही.

४. मिक्सरच्या लहान भांड्यात आधी लसूण, जिरे, मीठ, तिखट फिरवा. मग शेंगदाणे घालून बटण दोन-दोन सेकंदच दाबा. दर खेपेला भांडं हलवा. भरड झालं की थांबा.

५. आता ही भरड खलबत्त्यात थोडी थोडी घेऊन कुटा. सोलापुरी चटणीला जो तेलकट ओलसरपणा असतो, मुठीत धरली की गोळा होतो, तो कुटण्यानं येतो. वरून तेल घालून तो आणता येत नाही.

सावधान: गरम दाणे मिक्सरमध्ये घालू नका. तेल एकदम सुटतं आणि भांड्याला चिकटलेला लगदा हाती येतो. तसं झालंच तर त्यात मूठभर गार, भरड कुटलेले दाणे मिसळा, बरीचशी सुधारते.

चटणी बरणीत भरा आणि ती बरणी मागच्या बाजूला ठेवा. दोन दिवसांत लसूण दाण्यात मुरतो. त्याच दिवशी केलेल्या चटणीला ही चव येत नाही, म्हणून ती आधी.

टप्पा ५: आदल्या दिवशी रात्री

मिक्सरचं सगळं काम आज संपवा. उद्या ऐन वेळी वीज गेली तर हेच कामाला येईल.

भरल्या वांग्याचा मसाला: उरलेल्या शेंगदाण्यांतले वाटीभर भाजून, सोलून कूट करा. त्यातलं अर्धी वाटी कूट मसाल्याला घ्या, उरलेलं कोशिंबिरीला आणि अडीअडचणीला वेगळं ठेवा. दोन मोठे चमचे तीळ आणि पाव वाटी किसलेलं खोबरं कोरडं भाजा, वेगवेगळं. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा. एक कांदा उभा चिरून थोड्या तेलावर तांबूस परता. कांदा, आलं बोटाच्या पेराएवढं, लसूण ८ पाकळ्या, खोबरं आणि तीळ मिळून वाटा. पाणी घालू नका, फारच अडलं तर एक-दोन चमचे. मसाला पातळ झाला की तो वांग्यात राहत नाही, तेलात पडून करपतो.

या वाटणात कूट, काळा मसाला २ चमचे, तिखट १ चमचा, हळद अर्धा चमचा, मीठ सव्वा चमचा, गूळ सुपारीएवढा आणि बारीक चिरलेली कोथिंबीर मिसळा. डबा फ्रिजमध्ये.

तपासा: मसाला आत्ताच चाखा. तो किंचित खारट आणि तिखट लागला पाहिजे, कारण वांग्याला स्वतःचं मीठ नाही. मसाला चवीला अगदी बेताचा असेल तर उद्या भाजी अळणी लागेल.

गहू भिजवा: एक वाटी सडलेली खपली तीन पाण्यांत धुऊन भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घाला, किमान ८ तास. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात रात्रीही स्वयंपाकघर तापलेलं असतं, गहू आंबतो. त्या दिवसांत भांडं फ्रिजमध्येच ठेवा.

फोडणीची मोहरी, जिरे, हिंग, हळद एका छोट्या ताटलीत काढून झाकून ठेवा. ताटं, वाट्या, तांबे-भांडी आजच पुसून घ्या.

टप्पा ६: त्या दिवशी सकाळी, गव्हाची खीर

सर्वांत जास्त फोन या खिरीसाठी येतात, म्हणून इथं सावकाश वाचा. दोन गोष्टी बिघडतात. गहू चिवट राहतो आणि दूध फाटतं.

१. भिजलेला गहू निथळा. मिक्सरमध्ये एक-दोनदाच बटण दाबून दाणा जेमतेम फुटेल इतका भरडा. वीज नसेल तर तसाच घ्या, थोडा वेळ जास्त लागेल.

२. कुकरमध्ये गहू, साडेतीन वाट्या पाणी आणि एक चमचा तूप. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, गव्हाला फेस येतो. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग आच मंद करून २५ ते ३० मिनिटं.

३. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर पीठकट पाणी उसळून बाहेर येतं.

तपासा: एक दाणा दोन बोटांत दाबा. लोण्यासारखा चेपला पाहिजे. मध्ये जरा जरी कणी लागली तरी गरम पाणी घालून आणखी १० मिनिटं शिजवा. ही तपासणी टाळू नका, कारण गूळ पडल्यावर गहू मऊ होत नाही. गुळानंतर तासभर आटवला तरी दाणा चिवटच राहतो.

४. डावेच्या पाठीनं किंवा रवीनं गहू घोटा. निम्मे दाणे फुटावेत, निम्मे राहावेत.

५. सव्वा वाटी चिरलेला गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळा. गुळात काडी-माती असतेच. हे पाणी गव्हात घालून मंद आचेवर ८ ते १० मिनिटं ढवळत शिजवा. शेवटी वेलची-जायफळ, भाजलेली खसखस, दोन चमचे खोबरं, चिमूटभर मीठ.

६. दूध घालू नका. पातेल्यात अजिबात नाही.

गुळात थोडा आंबटपणा असतो आणि उकळत्या खिरीत दूध पडलं की ते फाटतं. पहिल्या वर्षी मी अर्धा लिटर दूध असंच ओतलं आणि पंधरा मिनिटांत पातेल्यात पाणी आणि गुठळ्या वेगळ्या झाल्या. ती जेवायच्या ताटावरून उठली आणि तिनं शेवया भाजायला घेतल्या. तो प्रसंग मला अजून लागतो. त्यानंतर मी तिच्या माहेरच्या पद्धतीनंच वाढतो: वाटीत गरम खीर, वर चमचाभर तूप, आणि वेगळं तापवलेलं कोमट दूध ज्याला हवं तेवढं ताटावरच. फाटायचा प्रश्नच उरत नाही.

खीर गार झाली की फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात दुपारभर ओट्यावर राहिली तर रात्री आंबूस लागते. ती घट्ट होईल, घाबरू नका. संध्याकाळी गरम करताना अर्धी वाटी कढत पाणी घाला.

सावधान: सकाळी कुकरच्या आवाजानं तिला कळणारच. कळू द्या. लपवाछपवीत आच मोठी ठेवून घाई केली की खीर तळाला लागते. करपलेल्या खिरीचा वास कशानंही जात नाही.

टप्पा ७: संध्याकाळी, भरलं वांगं

साडेआठचं जेवण धरून चाला. साडेसहाला फ्रिजमधून मसाला बाहेर काढा. वांगी सातला हातात घ्या.

१. वांग्याचं देठ ठेवा, फक्त त्याची काटेरी टोकं कापा. खालून अधिक चिन्हासारखे दोन छेद द्या आणि देठाच्या बोटभर अलीकडे थांबा. प्रत्येक वांगं उघडून आत बघा. किडकं निघालं तर टाका. आठ घेतली ती याचसाठी, सहा पुरतात.

२. चिरलेली वांगी लगेच मिठाच्या पाण्यात, १० मिनिटं. बाहेर राहिली तर काळी पडतात.

३. पाणी झटकून कोरडी करा. मसाला छेदात दाबून भरा, देठाच्या टोकापर्यंत बोट गेलं पाहिजे. थोडा मसाला उरेल, तो रश्श्याला ठेवा.

४. साडेसातला पसरट कढईत चार मोठे चमचे तेल तापवा. इथं तेलात कंजूषी करू नका, वांगं कोरड्या भांड्याला चिकटतं. मोहरी, जिरे, हिंग, हळद. फोडणी तडतडली की आच मंद करून वांगी एकेक करून आडवी ठेवा, एकावर एक नकोत.

५. वर ताट झाका आणि ताटात वाटीभर पाणी घाला. ५ मिनिटांनी वांगी सांडशीनं देठाला धरून फिरवा. पळीनं ढवळलं की वांगी उघडतात आणि सगळा मसाला तळाला जातो. आणखी ५ मिनिटं.

६. उरलेला मसाला कडेनं तेलात सोडून मिनिटभर परता. मग ताटावरचं गरम झालेलं पाणी आणि आणखी अर्धी वाटी कढत पाणी घाला. गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं आणि तर्री नीट येत नाही.

७. झाकून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं.

तपासा: सुरीचं टोक देठाच्या अगदी जवळ घाला. बुडाला वांगं आधी शिजतं, म्हणून तिथं तपासून उपयोग नाही. देठाशी सुरी अडली नाही तरच पुढं जा.

८. आता चिंचेचा कोळ एक मोठा चमचा. चिंच आधी घातली तर आंबटपणामुळे वांगं शिजायला हट्ट करतं. कोळ घालून दोन-तीन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

रस्सा पातळ झाला तर वांगी बाजूला काढून रश्श्यात दोन चमचे कूट घालून उकळा. खारट झाला तर कूट आणि थोडं कढत पाणी. तिखट जास्त झालं तर गुळाचा लहान खडा, आणि ताटात दही ठेवा.

टप्पा ८: शेवटचा अर्धा तास

दोन शेगड्या आहेत हे लक्षात ठेवून काम लावा. आठला वांगं एका शेगडीवर शेवटच्या टप्प्यात असेल. दुसरीवर भात लावा. अर्धी वाटी तांदूळ अर्धा तास आधी धुऊन ठेवलेला, एक वाटी पाणी, मीठ, झाकण ठेवून मंद आचेवर १२ मिनिटं. कुकर नको, एवढ्याशा भातासाठी उगाच आणखी एक भांडं घासायला पडतं.

वांगं उतरलं की त्या शेगडीवर खीर मंद आचेवर. भात उतरला की तिथं दूध कोमट करा.

काकडी आधीच चोचवून पिळून ठेवा, पण मीठ, लिंबू, कूट आणि साखर वाढायच्या दोन मिनिटं आधीच. मीठ पडलं की काकडी पाणी सोडते आणि ताटभर पसरते.

कडक भाकरी दमट वाटली तर कोऱ्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट.

सव्वाआठला ओटा पुसून, हात-तोंड धुऊन, कपडे बदला. घामेजल्या बनियनवर वाढायला येऊ नका.

टप्पा ९: वाढणं

केक आणायचा असेल तर तो सहाच्या आत कापा आणि लहान तुकडा द्या, नाहीतर भूक मरते आणि वांगं तसंच राहतं.

ताट वाढताना डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी. शेंगाच्या चटणीवर कच्चं तेल किंवा दही तिला काय आवडतं ते तुम्हाला माहीत असायला हवं. कडक भाकरी अख्खी वाढा, चुरून देऊ नका. रश्श्यात किती कुस्करायची आणि किती कुरकुरीत खायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. भात शेवटी, रश्श्याबरोबर, तोही विचारून. खीर जेवण संपल्यावर, दूध-तुपासकट.

मुलं असतील तर त्यांची ताटं आधी वाढा आणि त्यांच्या भाजीतला रस्सा दह्यात कालवा. नाहीतर पहिल्या घासाला "तिखट आहे" म्हणून तीच उठेल.

तुम्ही तिच्याबरोबरच बसा. सगळं हाताशी ठेवलं असेल तर उठावं लागत नाही: पाण्याचा तांब्या, जादा भाकऱ्या, तुपाची वाटी, दुधाचं पातेलं. आणि "कसं झालंय?" हे पहिल्या घासालाच विचारू नका. तिला निवांत जेवू द्या.

टप्पा १०: आवरणं

याशिवाय जेवण पूर्ण झालं असं समजू नका. कुकर आणि खिरीचं पातेलं रिकामं होताच गरम पाण्यानं भरून ठेवा, गूळ सुकला की घासून हात दुखतात. वांग्याच्या कढईतलं तेल आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसा, मग घासा. निम्मं पाणी वाचतं आणि मोरीही तुंबत नाही. "उद्या मावशी येतील" म्हणून ढीग तसाच सोडू नका. मावशी नेमक्या दुसऱ्या दिवशी दांडी मारतात आणि तो ढीग तिच्याच वाट्याला येतो.

उरलेली खीर दूध न मिसळता फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगली राहते. वांगं दुसऱ्या दिवशी आणखी मुरतं, ते तुमच्या डब्यात न्या. कडक भाकरी डब्यात परत घट्ट बंद करा. मसाल्याचा डबा आणि बरण्या फोटोत होत्या त्याच जागी ठेवा. शेगडी पुसा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, आणि सकाळच्या चहाचं पातेलं घासून, पाणी मोजून ओट्यावर ठेवून द्या. तो चहाही तुम्हीच करायचा आहे.